दीड इंच जागा

आमच्या घरातला सर्वांत जुना कॅमेरा मिटला की कोटाच्या खिशात मावतो. कोडॅकने त्याचं नावच 'व्हेस्ट पॉकेट' ठेवलं होतं. भिंगाची पाटी दोन्ही बाजूंनी धरून पुढे ओढली की कैचीच्या पट्ट्या उघडतात आणि मधला काळा भाता ताणला जातो. शटरचे वेग दोनच, सेकंदाचा पंचविसावा आणि पन्नासावा भाग. एका रोळात आठ फोटो, ४ बाय ६.५ सेंटिमीटरचे. १९१२ मध्ये हा कॅमेरा बाजारात आला, आणि दोन वर्षांत महायुद्ध पेटल्यावर सैनिकांच्या खिशात जाऊन बसला.

माझे आजोबा सैनिक नव्हते, लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. खात्याबरोबर बसऱ्याला गेले आणि येताना एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून हा कॅमेरा विकत घेऊन आले.

त्याच्या पाठीवर एक चिंचोळं झाकण आहे. १९१४ मध्ये कोडॅकने फिल्मवरच लिहायची ही सोय आणली. तिचे हक्क हेन्री गैसमन या संशोधकाकडून तीन लाख डॉलर मोजून घेतले होते. त्यासाठीच्या रोळात फिल्म आणि पाठचा कागद यांच्यामध्ये कार्बनचा पातळ कागद असायचा. फोटो काढला की झाकण उघडायचं, कॅमेऱ्यालाच अडकवलेल्या धातूच्या काडीने दाबून लिहायचं आणि ती पाठ काही सेकंद आभाळाकडे धरायची. काडी जिथून फिरली तिथूनच उजेड आत शिरे. रोळ धुवून कागदावर छापला की दोन फोटोंमधल्या काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं उमटत. जागा दीडेक इंच. पण फोटो काढणाऱ्याच्या हातचं अक्षर, त्याच घटकेचं, त्याच फिल्मवर! मला कॅमेऱ्याच्या इतिहासात इतकी मायाळू सोय दुसरी दिसत नाही. १९३० च्या दशकात ती बंद पडली.

आजोबा मोडीत लिहायचे. आमच्या आल्बममधल्या त्या पांढऱ्या ओळी वडिलांना अर्धवट लागायच्या, मला मुळीच नाही. माझ्या कॉलेजच्या दिवसांत घरोघरी आग्फा क्लिक थ्री आला होता. आजोबांच्या कॅमेऱ्याला लागणारा १२७ नंबरचा रोळ मिळणं अवघड झालं आणि तो कपाटात गेला. निवृत्तीनंतर मोडीचा वर्ग केला तेव्हा आधी आल्बमच उघडला. 'पर्वती, शके १८४४.' 'दादा, मुंजीनंतर.' सगळं कसं हिशेबखात्यातल्या माणसाला शोभेलसं.

एका फोटोत आजी अंगणात तुळशीपाशी उभी आहे. पदर डोक्यावरून घेतलेला, नजर कॅमेऱ्यात नाही, बाजूला. खाली एकच शब्द : 'ठकू'.

आजीचं नाव लक्ष्मी. आत्याला विचारलं तर ती कितीतरी वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली. "हे तिचं माहेरचं नाव रे. लग्नात बदललं. अण्णांनी तिला कधी नावाने हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. 'अगं', नाहीतर 'ऐकलं का'."

भर अंगणात, घरचे सगळे वावरत असताना, आजोबा ते नाव आभाळाकडे धरून उभे राहिले असणार. कुणाला दिसलं नसेल. रोळ धुवून देणाऱ्या स्टुडिओवाल्याने ते सगळ्यांत आधी वाचलं असेल, आणि त्याला त्यातलं काहीच कळलं नसेल.

मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा रॉचेस्टरला कोडॅकचा संस्थापक ईस्टमन याच्या घरातलं संग्रहालय पाहिलं. हा कॅमेरा जन्मला त्याच गावात. काचेआड आमच्यासारखाच एक होता, उत्तम स्थितीत. खाली मॉडेल, साल. त्याने कुणाकुणाला पाहिलं होतं, याबद्दल अक्षर नाही. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गिर्यारोहक मॅलरी बेपत्ता झाला, त्याच्याजवळ सहकारी सॉमरव्हेलने दिलेला असाच व्हेस्ट पॉकेट होता असं मानतात. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला, कॅमेरा नाही. तो आजही शोधला जातोय तो आतल्या फिल्मसाठी; रिकाम्या कॅमेऱ्यासाठी एवढ्या उंचीवर कोण जाईल?

पुतण्याच्या ओळखीने इथल्या एका संग्रहालयाने आमचा कॅमेरा मागितला आहे. मी आनंदाने देईन. अट एवढीच की आल्बम आणि मोडी ओळींचं वाचन त्याच्या शेजारी, त्याच कपाटात राहावं. वस्तूंचा विभाग वेगळा आणि छायाचित्रांचा वेगळा, असं त्यांचं म्हणणं. बोलणी चालू आहेत.