दिसत नाही, पण जळतं

"गालांवर लाली चढली," असं आपण कौतुकानं म्हणतो. माझ्या गालांवरची लाली मात्र दोन वर्षं कुणाला दिसलीच नाही. गरम चहा प्यायला, हीटरजवळ बसलं किंवा गार वाऱ्यातून घरात आलं, की नाक आणि गाल भगभगायचे. बारीक पुटकुळ्याही यायच्या. आरशात दिसायचा तो फक्त जरा काळवंडलेला सावळा चेहरा.

आधी 'मुरुमं' असं निदान झालं, मग 'ॲलर्जी'. भारतातून आलेल्या मावशी म्हणाल्या, "पित्त गं!" आणि त्यांनी बॅगेतून एक ट्यूब काढली. वाचलं तर ते स्टेरॉइड होतं. ती तशीच परत ठेवली.

तिसऱ्या डॉक्टरबाईंनी नुसता रंग पाहिला नाही. आग केव्हा होते, किती वेळ टिकते, डोळे चुरचुरतात का, असं सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "रोझेशिया."

इथे या आजाराला 'केल्टांचा शाप' म्हणतात. म्हणजे तो गोऱ्यांचाच, असा समज. पुस्तकांतले फोटोही बहुतेक गोऱ्या गालांचे. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातल्या मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्यानं २०२० मध्ये दोन शिक्षकांच्या साथीनं 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली, ती याच उणिवेपोटी. काळ्या-सावळ्या त्वचेवर लक्षणं कशी दिसतात, ते तिच्यात आहे.

मला रोज रात्री लावायला आयव्हरमेक्टिनचं क्रीम मिळालं. पुरळ जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्याही देतात. फरक पडायला काही आठवडे लागतात. आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. ढगाळ दिवसांतही ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावते, आणि चहा कोमट करून पिते. स्टेरॉइडनं मात्र चार दिवस बरं वाटतं, आणि बंद केलं की चेहरा दुप्पट उसळतो. म्हणून गावाकडून आलेली ट्यूब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

शिकवत असताना मुलांना सांगायचे, नेमका शब्द शोधा. तेच आता मैत्रिणींना सांगते. भगभग, चुरचुर, टोचणं, ताणणं, आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. ते इंग्रजीत लिहून न्या, चेहरा तापलेला असतानाचा फोटो न्या आणि "सावळ्या त्वचेवर हे कसं दिसतं?" असं न लाजता विचारा.