खात्यापित्या घरचा

आमच्या सोनूला सगळे कौतुकाने ‘खात्यापित्या घरचा’ म्हणायचे. मी ‘ढोल्या’ म्हणायचो. वय वर्षे ९. मागच्या दिवाळीत हॉस्टेलवरून घरी गेलो, तर साहेब माझी बॅग घ्यायला धावत खाली आले आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबले. मी हसलो. आई हसली नाही.

डॉक्टरांनी उंची-वजन घेऊन तक्त्यावर टिंब टाकलं. ते सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर! आता सोनूला डाएट मिळणार असं वाटलं, तर त्यांनी बाबांनाच विचारलं, “जेवताना मोबाईल कुणाकुणाच्या हातात असतो?” बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी पंख्याकडे.

उपाशी ठेवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. उंची वाढतेच आहे, वजन आहे तिथे थांबलं तरी पुष्कळ. रोज तासभर दमेपर्यंत खेळ, रात्री पुरेशी झोप, आणि जे सोनूने खायचं नाही ते घरात कुणासाठीच आणायचं नाही. ही शेवटची अट अवघड. कारण फ्रीजमधलं कोल्ड्रिंक बाबांचं, फरसाण आजीचं आणि सुट्टीला येताना चिप्सची माळ आणणारा मी. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे. मेसच्या चहाला नावं ठेवणाऱ्यांनो, कपात एवढी कुणी घातली तर प्याल का?

आजीने “वाढत्या पोराच्या तोंडचा घास काढता?” म्हणून दोन दिवस अबोला धरला. मग सोनूच तिला संध्याकाळी देवळापर्यंत चालत न्यायला लागला. बाबा जेवल्यावर बॅडमिंटनला खाली उतरतात. जेवताना मोबाईल नाही, त्यामुळे बोलावं लागतं, त्यामुळे भांडणंही वाढलीत!

पण मुलांबरोबर मैदानावर जायला सोनू तयार नव्हता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “तिथेपण सगळे तेच म्हणतात.” तेच म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. तो शब्द घरात त्या दिवशी बंद झाला. पुढच्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर मैदानावर गेलो, आणि तिसऱ्याच ओव्हरला धापा टाकत बसलो. त्याने पाणी आणून दिलं.

मे महिन्यात मोजलं, तर उंची तीन सेंटिमीटर जास्त, वजन तेवढंच.

आता दर रविवारी रात्री त्याचा फोन येतो. “दादा, आज काय खाल्लंस?” परवा मी वडापावचा कागद खिशात कोंबत म्हणालो, “पोळी-भाजी.”

“खरं सांग,” म्हणाला.