चाकांवरचे घर, चाकांवरची शाळा

वाचकहो, घरदार गाडीला जोडून सहा महिने मुलखावर निघायचे आणि त्याच गाडीत लेकराची शाळाही चालवायची, हे ऐकायला नवल वाटते. पण अमेरिकेत असे प्रवास करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. पिकअप गाडीच्या मागे एक ट्रेलर जोडतात. त्यात झोपायची जागा, चूल, पाण्याची टाकी, मोरी असते आणि जेवणाचे एक घडीचे टेबल असते. जेवण आटोपले की तेच टेबल शाळा होते.

चला, आज आपणही त्या वाटेने जाऊ. समजा, तुम्ही पेनसिल्व्हेनिया राज्यातले शेतकरी आहात आणि तुमची दहा वर्षांची लेक सोबत आहे. तुमचा रस्ता म्हणजे आंतरराज्य महामार्ग क्रमांक ८०. हा न्यूयॉर्कजवळ सुरू होतो आणि सुमारे ४,६६० किलोमीटर धावून पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्कोला पोचतो.

निघण्याआधी कागदपत्रांचे काम आहे. घरी शिकवायचे म्हणजे मनाला येईल तसे वागायचे, असे नाही. अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत १९९३ पर्यंत घरच्या शिक्षणाला कायद्याने वाव मिळाला, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १९८८ चा. पालकाने शाळा-अधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्र द्यायचे. वर्षातून १८० दिवस किंवा प्राथमिक वर्गासाठी ९०० तास शिकवायचे. मुलीने वाचलेल्या पुस्तकांची नोंद आणि तिच्या कामाचे नमुने जपून ठेवायचे, आणि वर्षअखेरीस जाणत्या शिक्षकाकडून ते तपासून घ्यायचे. म्हणजे ट्रेलर कुठेही असो, वहीला सुटी नाही.

आता निघा. सकाळी दोन-तीन तास गणित आणि भाषा, मग गाडी हाकायची. इंडियाना ओलांडताना लेकीला घड्याळ एक तास मागे घ्यायला सांगा. पुढे नेब्रास्कात पुन्हा एक तास आणि नेवाडाच्या सीमेवर आणखी एक. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्यापायी जेवणाची वेळ चुकणे वेगळे. हा धडा ती जन्मात विसरणार नाही.

मिसिसिपी नदी ओलांडली की आयोवा राज्य लागते. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, नजर पोचेल तिथवर. याच राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, क्रेस्को गावाजवळच्या शेतावर १९१४ साली नॉर्मन बोरलॉग जन्मले. ते एका खोलीच्या, एका शिक्षकाच्या खेड्यातल्या शाळेत शिकले. पुढे त्यांनी मेक्सिकोत बुटके, तांबेरा सोसणारे गहू तयार केले. त्याच गव्हाचे १८,००० टन बियाणे आपल्या देशाने १९६६ साली मागवले. लेकीला हे जरूर सांगा. शाळेची इमारत केवढी, यावर माणूस केवढा होईल हे ठरत नाही.

नेब्रास्का हे माझ्या मते या वाटेवरचे सर्वांत मोठे वर्ग. लिंकन शहराच्या दक्षिणेला बिएट्रिस गावाजवळ एक स्मारक आहे. १८६२ च्या कायद्याने सरकारने कुटुंबाला १६० एकर जमीन दिली. अट एवढीच की पाच वर्षे तिथे राहून ती कसायची. १ जानेवारी १८६३ ला केलेल्या पहिल्या मागण्यांपैकी एक इथल्या जमिनीची होती. पण धडा इथे संपवू नका. ती जमीन रिकामी नव्हती. मूळच्या आदिवासी लोकांना हटवून ती मोकळी केली होती, हेही मुलीला सांगायला हवे. अर्धा इतिहास शिकवण्यापेक्षा न शिकवलेला बरा.

त्या १६० एकरांचा चौकोन अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद. आता वरून पाहिले तर अशा चौकोनांत हिरवी वर्तुळे दिसतात. मध्ये विहीर, आणि तिच्याभोवती चाकांवर गोल फिरणारी लांब नळी. हे यंत्र फ्रँक झायबाख या शेतकऱ्याने काढले. १९५२ साली त्याला पेटंट मिळाले. मुलीला विचारा, चौकोनात पाणी किती जमिनीला मिळते? बाजू २,६४० फूट, म्हणून त्रिज्या १,३२० फूट. क्षेत्रफळ काढा, ४३,५६० ने भागा. उत्तर येते सुमारे १२६ एकर. चार कोपऱ्यांत ३४ एकर कोरडे राहतात. क्षेत्रफळ कशाला शिकायचे, असा प्रश्न ती परत विचारणार नाही. आणि हे पाणी येते कुठून? जमिनीखालच्या ओगालाला जलसाठ्यातून. तो आठ राज्यांखाली पसरला आहे. दक्षिणेकडे कॅन्सस आणि टेक्सासमध्ये उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आणि पाणी फार खोल गेले. आपल्याकडे बोअरवर बोअर मारणाऱ्यांनी या वर्गात मुलीशेजारी बसावे.

कोझाड गावापाशी १०० वा पश्चिम रेखांश लागतो. जॉन वेस्ली पॉवेल याने १८७८ च्या अहवालात बजावले होते की साधारण या रेषेच्या पश्चिमेला वर्षाला २० इंचांहून, म्हणजे ५०० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो आणि ओलिताशिवाय शेतीचा भरवसा नाही. रोज संध्याकाळी रस्त्याकडेच्या पिकांची यादी वहीत लिहायला लावा. मका विरळ होत गेला आणि कुरणे वाढली, हे लेक स्वतःच तुम्हाला दाखवील.

वायोमिंगमध्ये रस्ता २,६३३ मीटर उंचीवर चढतो. पुढे एक चमत्कारिक खोलगट प्रदेश आहे. तिथे पडलेले पाणी ना पूर्वेच्या समुद्राला जाते, ना पश्चिमेच्या. ते तिथेच जिरते किंवा वाळून जाते. असाच खेळ मोठ्या प्रमाणावर युटामध्ये, ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी पाहायला मिळतो. नद्या तळ्यात येतात, पण बाहेर एकही जात नाही. पाणी उन्हाने उडते आणि मीठ मागे राहते. पुढे तर रस्त्याच्या कडेला मिठाची पांढरी माळराने पसरली आहेत. निचरा नसलेल्या शेतात पाण्यावर पाणी दिले की जमीन खारवते, ती याच कारणाने. व्याख्यानात सांगून जे गळी उतरत नाही, ते इथे चिमूटभर जिभेवर ठेवले की कळते.

मग नेवाडाचे वाळवंट, सिएरा नेवाडाचा घाट, आणि उतरले की कॅलिफोर्नियाची भातखाचरे आणि बदामाच्या बागा.

हा प्रवास सर्वांना परवडणारा नाही. इंधन, मुक्कामाचे भाडे, बुडालेली कमाई, सगळे जमेस धरावे लागते. मुलीला सवंगडी मिळत नाहीत, आणि एका माणसाला सगळे विषय येत नाहीत. चार महिने एका ट्रेलरात बापलेकींची भांडणेही होतात. शाळेतला शिक्षक संध्याकाळी घरी जातो, बाप कुठे जाणार?

आणि त्याच कॅलिफोर्नियात दुसरीही मुले भेटतात. त्यांचे आईबाप भाजी-फळांच्या तोडणीमागे गावोगाव फिरतात. त्या मुलांची शाळा प्रत्येक हंगामात तुटते. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या सरकारला १९६६ साली कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली. प्रवास दोघांचाही लांबच. एकीचा बाप शिकवण्यासाठी निघाला, दुसरीचा पोटासाठी.

शेतकरी बंधुभगिनींनो, ही दुसरी मुलगी आपल्या ओळखीची आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि अहिल्यानगरकडून ट्रॅक्टरच्या ट्रेलरात भांड्याकुंड्यांसह बसून ती ऊसतोडीला जाते. तिच्यासाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. कारण काहीही असो, मूल दुसऱ्या गावी गेले तर तिथल्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा त्याला हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मागे गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोयही आहे. जायच्या आधी शाळेत चौकशी करावी.

तुमच्या उसाच्या फडात टोळी उतरली, तर पहिल्याच आठवड्यात तिच्यातली मुले मोजा आणि जवळच्या शाळेच्या गुरुजींना किंवा बाईंना कळवा. मुकादमाशी उचलीचा हिशेब होतो, तेव्हाच हेही विचारून घ्यावे. आणि तुमची स्वतःची लेक शाळेतून आली की तिला टेप घेऊन शेतावर न्या. आपल्या रानाचे क्षेत्रफळ तिला काढू द्या, आणि सातबाऱ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहायला सांगा.