व्यायाम आणि कष्ट

‘व्यायाम’ आणि ‘कष्ट’ या दोहोंत घाम सारखाच गळतो; तरी मराठीने हे शब्द वेगळे ठेवले आहेत. व्यायाम स्वेच्छेने आरंभिता येतो, थांबविताही येतो. कष्टाला ती मुभा नाही. गर्भवतीने हालचाल करावी, असा उपदेश कानी आला की आम्हां दोघी अध्यापिकांना हा भेद आठवतो.

उपदेश खोटा नव्हे. वैद्यकीय अडचण नसेल तर गर्भवतीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. त्याने गर्भारपणातील मधुमेहाचा धोका घटतो. आणि अशा मधुमेहात वाढलेल्या मुलांना पुढे स्थूलतेची व मधुमेहाची शक्यता अधिक असते.

परंतु पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३पासून केलेला अभ्यास दुसरी बाजू दाखवितो. शेतात राबणाऱ्या, विहिरीचे पाणी वाहणाऱ्या या स्त्रियांपैकी ज्यांचे श्रम अधिक, त्यांची बाळे लहान भरली. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. ती कृश दिसत, तरी त्यांच्या अंगी स्नायू कमी आणि चरबी मात्र राखलेली होती. मोठेपणीच्या मधुमेहाची बीजे संशोधकांना तिथे दिसली.

आमच्या वर्गात सहा महिन्यांची गर्भवती विद्यार्थिनी होती. पहाटे पाण्याच्या खेपा करून, भाकऱ्या थापून ती एसटीने येई. तपासणीत तिला रोज अर्धा तास चालावयास सांगितले होते. ती म्हणाली, “मॅडम, चालते मी रोजच. बसायचं कधी, ते कुणी सांगत नाही.”

लोकसाहित्यात आम्ही डोहाळगीते आणि जात्यावरच्या ओव्या पाठोपाठ शिकवितो. पहिल्यांत गर्भवती झोपाळ्यावर बसलेली असते आणि तिला काय हवे, हे विचारले जाते. दुसऱ्या दळता दळता गायिल्या जातात. तिथे विचारणारे कोणी नसते. ओवीतली बाईही कधी गर्भवती असेल, हे त्या विद्यार्थिनीमुळे वर्गाला उमगले.

म्हणून सल्ल्याआधी प्रश्न हवा: दिवसभरात बसता किती? जी आठ तास खुर्चीत असते, तिला चालावयास सांगावे. जिच्या डोईवर हंडा आहे, तिला विसावा, पोटभर अन्न आणि दारात नळ मिळावा. तिच्या बाळाच्या आरोग्याचा आरंभ तिथूनच आहे.