खाली म्हणजे कोठे?

परवा पुण्याहून आलेल्या एका स्नेह्यांना आम्ही इंदूर दाखविण्यास निघालो. राजवाड्यासमोर रिक्षा थांबताच आमच्यातील मास्तर जागा झाला. "एकूण सात मजले. खाली तीन दगडी, वर चार लाकडी. १९८४ च्या आगीची झळ सोसूनही दर्शनी भाग उभा आहे," असे आम्ही सांगत होतो. रिक्षावाला लक्षपूर्वक ऐकत होता. तो हळहळला, "तीन मंज़िल खाली पड़ी हैं, साहब? इतनी बड़ी जगह!" पाहुणे बुचकळ्यात पडले; आम्हांस हसू आवरेना. मराठीत तळाशी असलेले 'खाली' हिंदीत रिकामे होते.

'श्लेष' शब्दाच्या मुळाशी 'श्लिष्' धातू आहे; त्याचा अर्थ आलिंगन देणे. एकाच शब्दात दोन अर्थांची गळाभेट व्हावी म्हणून पंडित कवी कोश धुंडाळीत. होळकरांच्या आश्रयाने माळव्यात स्थिरावलेल्या आम्हां मराठी मंडळींना मात्र तो अलंकार रस्तोरस्ती फुकट मिळतो. वाटेत 'शिक्षा विभाग' अशी पाटी पाहून पाहुणे उद्गारले, "अहो, शिक्षेसाठी स्वतंत्र खाते?" आम्ही म्हटले, "होय, त्यातच आमची तीस वर्षे गेली." पुढे एका भिंतीवर 'टीकाकरण केंद्र' असे लिहिलेले होते. लस टोचण्याची ती जागा, हे आम्ही सांगण्यापूर्वीच पाहुणे म्हणाले, "हे केंद्र आमच्या पुण्यात घरोघरी आहे!" पुणेकराने हे स्वमुखाने सांगावे, याचा आनंद आम्ही सराफ्यातील जिलबी चारून साजरा केला.

रात्री नातवाने पाहुण्यांना मराठी गोष्ट वाचून दाखविली. वाचन स्वच्छ, आम्ही मनातून सुखावलो होतो. "राजाने चोराला कडक शिक्षा दिली," येथे तो थांबला आणि म्हणाला, "किती चांगला राजा! चोरालासुद्धा शिकवलं."

पाहुणे खो खो हसले. आम्हांस ते जमले नाही. दिवसभर ज्या शब्दावर आम्ही विनोद करीत होतो, त्याचा एकच अर्थ या पोराच्या हाती उरला होता, आणि तो आपल्या घरचा नव्हता. दोष त्याचा नाही. शाळेत तो शब्द त्याच अर्थाने कानी पडतो, आणि घरी आम्ही त्याला कधी शिक्षा केली नाही!

आम्ही त्याला जवळ घेऊन दोन्ही अर्थ समजावले. तो थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "आजोबा, मग तुम्ही शाळेत मुलांना कोणती दिली?"

पाहुण्यांनी चष्मा पुसावयास घेतला. आम्ही पाण्याचा तांब्या जवळ ओढला.