पांढरी भुकटी

चारही नट सुटले होते. वॉशर निघाले होते, कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची टाकी लांब अंगणात नेऊन ठेवली होती. तरीही येझदी मोटरसायकलचं हेड, म्हणजे सिलेंडरचं झाकण, जागचं हलत नव्हतं. 2023 च्या दिवाळीची सुट्टी. रत्नागिरीजवळच्या घराच्या पडवीत पन्नाशीचा एक माणूस गुडघे टेकून त्या हेडकडे पाहत बसला होता. स्टड हेडमधून जिथे वर येतात, तिथे प्रत्येक भोकाच्या कडेला पांढरी भुकटी जमली होती. चिमटीत घेतली तर रांगोळीसारखी खरखरीत.

येझदी आणि तो एकाच वर्षीचे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटरसायकली परवान्यावर बनत होत्या. 1973 मध्ये त्यांना येझदी हे नाव मिळालं आणि त्याच वर्षी त्याचा जन्म झाला. अण्णांनी, त्याच्या वडिलांनी, 1981 मध्ये कोल्हापुरात असताना 250 सीसीची येझदी घेतली. सिलेंडर एक, पण सायलेन्सर दोन. गियरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक व्हायची. शाळेतले मित्र घरी आले की तो त्यांना आधी हे दाखवायचा, मग खेळायला जायचा.

हेड खोलताना त्याने पहिल्यांदा पाहिलं ते 1984 मध्ये, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल जळून जातं, ऑइलचा काही भाग मात्र काजळी होऊन मागे राहतो. पिस्टनच्या माथ्यावर, हेडच्या पोटात आणि धूर बाहेर जायच्या वाटांवर कार्बन साचत जातो, म्हणून अशा गाडीचं हेड काही हजार किलोमीटरनंतर उतरवून खरवडावं लागे. मिस्त्रींनी टी पान्याने चारही नट तिरक्या क्रमाने थोडे थोडे ढिले केले, पण पूर्ण काढले नाहीत. प्लग तसाच ठेवला. हातोडी घेऊन वाट पाहणाऱ्या अकरा वर्षांच्या पोराकडे बघून ते म्हणाले, "हातोडी कशाला रे बाळ? गाडीच उचलून देती की हेड." आणि त्यांनी हळू किक मारली. आत दाबलेल्या हवेने फस्स आवाज केला आणि हेड नटांपर्यंत वर आलं. आपल्याच श्वासाने गाडी उघडली, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

सतराव्या वर्षी त्याला मिस्त्रींची गरज वाटेनाशी झाली. 1990 च्या उन्हाळ्यात, अण्णा घरी नसताना, त्याने हेड उतरवायला घेतलं. नट थेट काढून टाकले, हेड आलं नाही म्हणून एका फिनखाली स्क्रूड्रायव्हर घातला आणि वर हातोडी मारली. हेड ॲल्युमिनियमचं, ओतीव. ओतीव ॲल्युमिनियम वाकत नाही, थेट तुटतं. वरची फिन बोटभर तुटून अंगणात उडाली. संध्याकाळी अण्णांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि खिशात टाकला. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कानस घेऊन ते फिनची तुटकी कड घासत बसलेले दिसले. "पुसताना हात कापायचा कुणाचा तरी," एवढंच म्हणाले.

म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. अण्णा 2001 मध्ये निवृत्त होऊन रत्नागिरीला आले, सोबत गाडीही आली. दोन वर्षं ते बाजारात तिच्यावरूनच जात. मग गुडघे किक मारू देईनात आणि 2003 मध्ये गाडी पडवीत ताडपत्रीखाली गेली. मुलगा नोकरीसाठी पुण्यात होता. दर गणपतीला घरी यायचा, ताडपत्रीचं एक टोक उचलून बघायचा आणि पुन्हा खाली सोडायचा. 2019 मध्ये अण्णा गेले. त्यानंतर चार वर्षं तो ते टोकही उचलत नव्हता.

त्या वीस वर्षांत आत काय घडलं, हे आता त्या भुकटीत दिसत होतं. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचे. दोन वेगळे धातू चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली, की त्यांची एक बारीकशी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्रावरचा वारा मीठ आणून टाकतो. झिजलेल्या ॲल्युमिनियमची जी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. स्टडभोवतीच्या फटीत ती पाचरीसारखी घट्ट बसते. रोज चालणाऱ्या गाडीत इंजिन तापतं, ओल उडून जाते. उभ्या गाडीत ती मुरत राहते. हे कळल्यावर त्याला वाईट वाटलं ते गाडीपेक्षा त्या उचलून सोडलेल्या ताडपत्रीचं.

शहरातल्या एका गॅरेजने सांगितलं, सांध्यात छिन्नी घालून पाच मिनिटांत काढून देतो. तो नको म्हणाला. हेड जिथे सिलेंडरवर टेकतं त्या कडेवर छिन्नीचा एक जरी ओरखडा उठला, तरी पुढे कितीही पॅकिंग घाला, तिथून दाब निसटत राहतो.

आधी त्याने प्लग काढला आणि टॉर्चचा उजेड आत सोडला. पिस्टनच्या माथ्यावर मधासारखं घट्ट, तांबूस तेल होतं. गाडी उभी करताना अण्णांनी प्लगच्या भोकातून ऑइल ओतून ठेवलं होतं, कुणाला न सांगता. म्हणूनच वीस वर्षांनी चाक फिरवताच पिस्टन मऊपणे खालीवर झाला. ओल शिरली होती ती बाहेरून, स्टडच्या वाटेने.

पुढचे आठ दिवस एकच क्रम. सकाळी आणि रात्री चारही स्टडच्या मुळाशी डिझेल आणि पातळ ऑइलचे थेंब. दुपारी ते पुसून काढायचं आणि हॉट एअर गनने हेड तापवायचं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दहा मिलिमीटरचं भोक शंभर अंशांनी तापलं, तर स्टडभोवती मिळणारी जास्तीची जागा मिलिमीटरचा शंभरावा भाग भरते, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. पण तापणं आणि निवणं रोज चाललं, की भुकटीला तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल एक पायरी खाली उतरतं. तापलेल्या हेडच्या जाड भागावर लाकडी ठोकळा धरून तो मोगरीने हलके ठोके देत राहिला, चारी बाजूंनी सारखे. फिनला मोगरी लागू दिली नाही.

नवव्या दिवशी दोरी. पिस्टन आधी इतका वर आणला की सिलेंडरच्या भिंतीतली सगळी दारं त्याच्यामागे झाकली गेली, नाहीतर दोरी तिथे अडकून चिरडली असती. मग दीड मीटर नायलॉनची दोरी प्लगच्या भोकातून आत भरली आणि बाहेरच्या टोकाला गाठ मारली. गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून त्याने मागचं चाक दोन्ही हातांनी पुढे रेटलं. पिस्टनने दोरी दाबली, दोरीने हेड दाबलं. चाक थांबलं. त्याने जोर वाढवला नाही, तसाच धरून ठेवला. त्याच्या दहावीतल्या लेकीने मोगरीचा एक ठोका दिला.

कट् असा आवाज आला आणि एका स्टडवरून पांढरी भुकटी घरंगळली.

हेड जेमतेम एक मिलिमीटर उठलं होतं. लेकीला ते ओढून काढायचं होतं. "दम धर," तो म्हणाला. पावसाळ्यात फुगलेल्या कपाटाचा खण एका बाजूने ओढला की तिरका होऊन जास्तच अडकतो, तसंच हे. पुन्हा थेंब, पुन्हा खाली बसवणं, पुन्हा वर. दिवस मावळताना हेड चारही स्टडवरून सुटून त्याच्या हातात आलं.

त्याने कार्बन लाकडाच्या काडीने खरवडला, भोकं गोल ब्रशने साफ केली. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून हेडची कड आठाच्या आकड्यात घासली, राखाडी रंग सगळीकडे एकसारखा येईपर्यंत. शेवटी फडक्याने फिन पुसताना बोट वरच्या तुटक्या फिनवर गेलं. कड गुळगुळीत होती.

नवीन पॅकिंग बसलं, स्टडना ग्रीस लागलं, नट तिरक्या क्रमाने आवळले गेले. पाचव्या किकला दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघाला आणि पडवी त्या जुन्या वासाने भरली. दहा मिनिटांनी त्याने गाडी बंद केली. रात्रभर इंजिन थंड झाल्यावर, सकाळी चहाच्या आधी, त्याने टी पाना लेकीच्या हातात दिला आणि पहिला नट दाखवला. तो पाव फेराही फिरला नाही. ती समोरच्या तिरक्या नटाकडे वळली.