पेशी

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर निवृत्त झाले आणि जागा रिकामीच राहिली. अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, शेवटी सदर मुदर्रिस साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. "आपा, आठवीं की साइंस आप ले लो. आपकू दोनों ज़बानां आते."

दोन भाषा येतात म्हणून विज्ञान येतं, हा हिशोब मला काही पटला नाही. माझं बी.ए. उर्दूत, बी.एड.ला पद्धती उर्दू आणि मराठी. विज्ञानाशी नातं दहावीच्या परीक्षेला तुटलं ते तुटलंच. पण मुलांचं वर्ष वाया जाणार होतं, म्हणून हो म्हटलं.

पहिलाच मोठा धडा आला 'पेशी व पेशीअंगके'. आमच्या उर्दू पुस्तकात पेशीला 'ख़लिया' म्हणतात. दहावीनंतर ही मुलं मराठी किंवा इंग्रजी कॉलेजात जातात आणि नुसत्या शब्दांनीच घाबरतात, हे मी वीस वर्षं बघते आहे. म्हणून फळ्यावर मी उर्दूच्या शेजारी मराठी शब्दही लिहिते. 'पेशी' लिहिलं तसा मागून एक मुलगा ओरडला, "आपा, पेशी तो कोर्ट में रहती! मेरे चाचा की हर महीने रहती."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग सांगितलं, बाबा, ती पेशी वेगळी आणि ही वेगळी. अरबीत ख़लिया म्हणजे मधमाशांचं पोळंसुद्धा. १६६५ साली रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्यालाही पोळ्यासारखी घरं दिसली होती. तुमच्या अंगात अशी अब्जावधी घरं आहेत, आणि प्रत्येक घराला भिंत आहे, दारं आहेत, आत कामाला माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचे उरलेले बेदाणे घेऊन गेले. रात्रभर साध्या पाण्यात भिजवलेले टम्म फुगले होते. त्यातले निम्मे मिठाच्या दाट पाण्यात टाकले, तास संपेपर्यंत ते परत सुरकुतायला लागले. यालाच परासरण म्हणतात. पातळ पडद्यातून पाणी, जिकडे मीठ-साखर जास्त विरघळलेली तिकडे जातं. मुलं वाट्यांभोवती गोळा झाली होती आणि मी मनातल्या मनात खूष होते, की जमतंय आपल्याला विज्ञान.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. ही कधी तोंड उघडत नाही.

"आपा, मेरे भाई कू कल से जुलाब हो रहे. नानी पानी बंद करे. बोलते, जित्ता देंगे उत्ता निकलेगा. तो उसके पेट में नमक कौनसे तरफ़ ज़्यादा है?"

मला उत्तर आलं नाही. खरं सांगायचं तर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही, कारण "जित्ता देंगे उत्ता निकलेगा" हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. शब्द तेच, जवळजवळ सूरही तोच.

१९८८ सालचा उन्हाळा. मी आठ वर्षांची होते. माझा धाकटा भाऊ मुन्ना दीड वर्षाचा. दुपारी उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. तो पाण्याच्या माठाकडे हात करून रडायचा. अम्मीनं पेला भरला की दादी तिच्या हातातून काढून घ्यायची. "पानी मत दे बाई, जित्ता देंगे उत्ता निकलेगा. पेट सूखने दे." अम्मी ओढणीचं टोक ओलं करून त्याच्या ओठांवर फिरवत राहिली. मध्यरात्रीनंतर त्याचं रडणं थांबलं. आम्हाला वाटलं आराम पडला. पहाटे अब्बांनी जीप मिळवली, पण गावाच्या वेशीपलीकडे जायची गरज पडली नाही.

आमच्या घरात त्या रात्रीबद्दल कुणी बोलत नाही. दादी पुढे पंधरा वर्षं जगली. अम्मीनं तिचं सगळं केलं, शेवटच्या आजारात अंथरूण-पांघरूणही. दोघींत मुन्नाचं नाव निघालेलं मी एकदाही ऐकलं नाही.

शाळा सुटल्यावर मी त्या मुलीबरोबर तिच्या घरी गेले. पोरगं तीन वर्षांचं, मलूल पडलेलं, पण रडताना डोळ्यात पाणी येत होतं. सकाळी सरकारी दवाखान्यात दाखवून आणलं होतं. डॉक्टरांनी जलसंजीवनीची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या दिल्या होत्या. पाकिटं न फोडता कपाटावर ठेवलेली. मी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक अख्खं पाकीट टाकलं आणि चमच्यानं पाजत बसले. तासाभरात अर्धा पेला गेला. नानी भिंतीला टेकून बघत होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "रात कू फिर छूटा तो?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मी जाताच पाणी पुन्हा बंद होणार, हे मला कळत होतं.

रात्री स्वयंपाकघरात हे सगळं मी माझ्या मुलीला सांगितलं. ती बारावी सायन्सला आहे. अम्मी शेजारी लसूण सोलत बसली होती. अब्बा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. मी मुलीला म्हटलं, मला परीक्षेचं उत्तर नको, आजी-नानीला पटेल असं सांग. तिनं पुस्तक आणलं, वहीत चित्रं काढली आणि मी विद्यार्थिनी झाले. तिच्याकडून समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

पेशीभोवतीचं आवरण म्हणजे प्रद्रव्यपटल. आम्ही उर्दूत झिल्ली म्हणतो. जाडी सात-आठ नॅनोमीटर, आणि एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. हे पटल मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं. या रेणूंची डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आतल्या बाजूला, एकमेकींकडे तोंड करून. शेपट्यांना पाणी आवडत नाही. म्हणून मीठ, साखर असल्या पाण्यात विरघळणाऱ्या गोष्टी या तेलकट भिंतीतून सहज आरपार जात नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीत प्रथिनांची दारं बसवलेली असतात, आणि कोणत्या दारातून कोण जाणार हे ठरलेलं असतं. पुस्तकात 'निवडक्षम पारपटल' असा अवघड शब्द आहे, त्याचा अर्थ एवढाच.

ही दारं बाहेरून येत नाहीत, पेशीच्या आतच घडतात. केंद्रकातून नक्शा निघतो, आंतर्द्रव्यजालिकेवरचे रायबोझोम त्याबरहुकूम प्रथिन विणतात, गॉल्गी संकुल ते तयार करून, पिशवीत बांधून, पटलाकडे रवाना करतं. पिशवी पटलात मिसळते आणि दार भिंतीत बसतं. जुनं, खराब झालेलं दार लयकारिकेत विरघळवलं जातं. या सगळ्या कारखान्याला लागणारी बहुतेक ऊर्जा तंतुकणिका पुरवतात.

आता आतड्याकडे येऊ. आतड्याच्या आतल्या अस्तरावर पेशींची एकेरी रांग असते. या पेशींच्या मागच्या बाजूला, म्हणजे रक्ताकडच्या बाजूला, एक पंप असतो. तो दर फेरीला सोडियमचे तीन कण बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडियम नेहमी कमी, म्हणून बाहेरचं सोडियम आत यायला टपलेलं. आपलं साधं मीठ म्हणजे हेच सोडियम, क्लोराइडच्या जोडीनं. ते अन्नाच्या बाजूनं आत घेण्यासाठी पेशीला एकाहून जास्त दारं असतात.

कॉलऱ्यात काय होतं? कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिलं, की कॉलऱ्याचा जंतू एक विष सोडतो आणि सगळा उत्पात ते विष करतं. त्या विषानं पेशीचं क्लोराइडचं दार उघडंच राहतं. क्लोराइड आतड्यात वाहतं, त्याच्यामागे सोडियम, आणि दोघांमागे पाणी. माझ्या बेदाण्यांचाच नियम. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं: त्या वेळी मीठ आतड्याच्या पोकळीकडे जास्त जातं, म्हणून पाणीही तिकडेच जातं. सोडियम आत घेणारं एक नेहमीचं दारही बंद पडतं. अशा वेळी नुसतं पाणी पाजलं तर ते पुरेसं आत शिरत नाही, आणि गेलेलं मीठ तर भरून येतच नाही.

पण एक दार शाबूत राहतं. ते जोडीचं दार आहे. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक, असे एकत्र आले तरच ते उघडतं. नुसत्या मिठाला नाही, नुसत्या साखरेला नाही. दोघं मिळून आत गेले की पाणी त्यांच्यामागे आपोआप आत येतं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं ही जोडी १९६० साली मांडली. कॉलऱ्यातच नव्हे, बहुतेक जुलाबांत हे दार बऱ्यापैकी काम करत राहतं.

प्रत्यक्ष माणसं वाचली ती १९७१ साली. बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासितांत कॉलरा पसरला. जमिनीवर रुग्ण, सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मापून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला, गरम इस्त्रीनं पिशव्यांची तोंडं बंद केली आणि पाण्यात कालवून नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. जिथे शंभरातले तीसएक मरत होते, तिथे ते प्रमाण चारच्याही खाली आलं. १९७८ साली 'लॅन्सेट'नं लिहिलं, की सोडियम-ग्लुकोजच्या या जोडीचा शोध शतकातला कदाचित सगळ्यात मोठा वैद्यकीय शोध ठरेल. २०२२ मध्ये डॉक्टर गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

१९७१ आणि १९८८. मी मनात वजाबाकी केली आणि लगेच सोडून दिली.

मुलगी पुढे सांगत होती, आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, म्हणजे पोराला तेवढे दिवस तगवून धरायचं, बाकीचं बऱ्याचदा शरीर करतं. अम्मीचे हात थांबले होते.

"पिलाते तो बचता क्या?" तिनं विचारलं. कोण, ते तिनं सांगितलं नाही.

शिक्षक म्हणून मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ते म्हणायला मला त्या रात्री फार जड गेलं. "पता नहीं, अम्मी. नमक-शक्कर का पानी देते तो उम्मीद थी."

ती बराच वेळ गप्प राहिली. मला वाटलं आता दादीबद्दल काहीतरी निघेल. पस्तीस वर्षांचं निघेल.

"उनके ख़ुद के तीन गए थे, ऐसेच," अम्मी म्हणाली. "पानी देके भी गए. उन्हों जो देखे वही बोले."

मी याचा कधी विचारच केला नव्हता. दादीनं आपल्या तीन लेकरांना पाणी पाजून पाहिलं होतं आणि ते बाहेर पडताना पाहिलं होतं. तिचं निरीक्षण खरं होतं. पाण्याला आत जायला जोडीचं दार लागतं, एवढीच गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. मी मात्र आठव्या वर्षापासून मनात तिला आरोपी करून उभं ठेवलं होतं. त्या मुलाच्या चाचासारखी तिची पेशी माझ्याकडे चालूच होती, आणि जिचा मुलगा गेला तिनं तर तारीखच लावली नव्हती.

सकाळी फज्रच्या नमाजनंतर बघते तर अम्मी बुरखा घालून तयार. गुडघ्यांमुळे ती जिना टाळते, कुणाकडे जात नाही. "उस बच्ची की नानी के पास चल."

पोराला रात्री दोनदा झालं होतं आणि पाणी बंद होतं. अम्मी नानींच्या शेजारी जमिनीवर बसली. पटल, सोडियम, काहीच सांगितलं नाही. म्हणाली, "मेरा एक था. डेढ़ साल का. मुन्ना बोलते थे." एवढं बोलून तिनं चमचा हातात घेतला. दहा-बारा चमच्यांनंतर नानींनी तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः पाजायला लागल्या. तिसऱ्या दिवशी पोरगं अंगणात होतं.

वाचकांपैकी कुणाच्या घरी लहान मूल असेल म्हणून लिहून ठेवते. दवाखान्यातलं पाकीट सगळ्यात चांगलं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजानं टाकू नका. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्याकडे ओढलं जातं, मीठ जास्त झालं तर धोका आहे. थोडं थोडं, सतत पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं किंवा पाजलेलं पोटात ठरेना, तर वाट न बघता दवाखान्यात न्या.

हेच माप अम्मीनं माझ्याकडून उर्दूत लिहून घेतलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला ती ते दार उघडून दाखवते.